सीए रिपोर्ट आला, तरी आरोपी सुटतो कसा? खरा खेळ पंचनाम्यापासूनच सुरू होतो

वडनेर (ता. हिंगणघाट) : गावात खून झाला, विहिरीत कुणाचा मृतदेह सापडला किंवा कुणी विष घेतलं, की पुढचे काही महिने पानठेल्यावर एकच प्रश्न फिरत राहतो. "नागपूरवरून रिपोर्ट आला का जी?" रिपोर्ट आला म्हणजे केस पक्की, असं लोक धरून चालतात. मग चार-पाच वर्षांनी निकाल लागतो, आरोपी 'संशयाचा फायदा' घेऊन सुटतो आणि गाव म्हणतं, "पैसे चारले असतील."

कधी तसंही होत असेल. पण असे निकाल उघडून वाचले, तर सुटण्याची कारणं बहुतेक वेळा फार साधी निघतात. पुडक्यावर सील नव्हतं. नमुना दीड महिना ठाण्यातच पडून होता. पंच कोर्टात म्हणाला, "मी फक्त सही केली, साहेब." प्रयोगशाळेचं काम चोख असलं तरी प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेत केस फुटलेली असते. ती वाट वडनेर ठाण्याच्या हद्दीतल्या एखाद्या शिवारातून सुरू होते, म्हणून ती गावकऱ्यांना माहीत असायला हवी.

कायदा या रिपोर्टकडे कसा पाहतो, ते आधी बघू. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यातलं कलम ३९ (जुनं कलम ४५) तज्ज्ञाच्या मताबद्दल आहे. शब्द 'मत' असाच आहे. डीएनए, बोटांचे ठसे, हस्ताक्षर, विषाची तपासणी, हे सगळं तज्ज्ञाचं मत. निकाल देतो न्यायाधीश, आणि मत किती मानायचं तेही तोच ठरवतो. सरकारी प्रयोगशाळेचा रिपोर्ट तिथल्या शास्त्रज्ञाला साक्षीला न बोलावताही कोर्टात वाचता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये तशी सोय आहे. कोर्टाला वाटलं तर ते शास्त्रज्ञाला बोलावू शकतं आणि मग त्याची उलटतपासणीही होते.

प्रयोगशाळेला एक मर्यादा कायम असते. तिच्यापर्यंत जे पुडकं आलं, तेवढंच ती तपासते. ते रक्त खरंच त्या कुऱ्हाडीवर होतं का आणि ती कुऱ्हाड खरंच त्या माणसाच्या गोठ्यातून निघाली का, हे तिथल्या शास्त्रज्ञाला सांगता येत नाही. ते सांगणार पंच आणि पोलीस.

एका कुऱ्हाडीचा प्रवास

समजा, एका शिवारात खून झाला. आरोपीने दाखवलेल्या जागेवरून, कडब्याच्या गंजीखालून कुऱ्हाड निघाली. पोलिसांनी दोन पंचांसमोर ती कागदात बांधली, लाखेचं सील लावलं, लेबलवर गुन्हा नंबर, तारीख आणि सह्या घेतल्या. ठाण्यात मुद्देमालाच्या नोंदवहीत नोंद झाली. तिथून एक पोलीस शिपाई पत्रासह ती नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत घेऊन गेला आणि पोच घेऊन परत आला. तपासणी झाली, रिपोर्ट आला. कोर्टात याच रिपोर्टला अजून 'सीए रिपोर्ट' म्हणजे केमिकल ॲनालायझरचा रिपोर्ट म्हणतात.

या वाटेवर पाच-सहा हात बदलले. प्रत्येक हाताचा हिशेब कोर्टात द्यावा लागतो. कुऱ्हाड जप्त झाली सोमवारी आणि नागपूरला पोचली पुढच्या महिन्यात, तर मधले दिवस ती कुठे होती? किल्ली कोणाकडे होती? सील कोणतं होतं आणि नागपूरला पोचलं तेव्हा शाबूत होतं का? बचाव पक्षाचा वकील हेच विचारतो आणि त्यात गैर काही नाही. ठाण्यात त्याच खोलीत मृताचे रक्ताने भरलेले कपडेही असतात. ते आणि कुऱ्हाड सीलविना शेजारी शेजारी पडले असतील, तर कुऱ्हाडीवरच्या रक्ताला काय अर्थ उरला?

रक्ताबद्दलही गैरसमज आहे. 'कुऱ्हाडीवर माणसाचं रक्त, गट ओ' असं रिपोर्टमध्ये आलं की बातम्यांत 'रक्त जुळलं' छापून येतं. आपल्याकडे ओ आणि बी हे दोन्ही गट घरोघरी सापडतात. एकाच घरात बाप, पोरगा आणि शेजारी तिघंही ओ गटाचे निघू शकतात. गट वेगळा निघाला तर ते रक्त मृताचं नाही एवढं नक्की कळतं. गट तोच निघाला तर 'असू शकतं' एवढंच. डीएनएची गोष्ट वेगळी, ती एका माणसापर्यंत नेते. पण त्यासाठी नमुना टिकायला पाहिजे. ओले, रक्ताचे कपडे प्लॅस्टिकच्या पन्नीत कोंबले तर आत बुरशी धरते, नमुना सडतो. सावलीत सुकवून कागदात बांधायचे असतात. घरच्यांनी 'जपून' पन्नीत ठेवलेले कपडे पुढे काही कामाचे राहत नाहीत, असं होतं ते यामुळेच.

आता पंचांचं. पंच म्हणजे त्या भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी. आपल्याकडे ठाण्यात सहज दिसलेल्या माणसाला "सही मार ना भाऊ" म्हणून बसवण्याची वाईट सवय आहे. तो माणूस जागेवर गेलेला नसतो, पंचनामा वाचलेला नसतो. चार वर्षांनी समन्स येतो, तो घाबरतो आणि फितूर होतो. पोलिसांनी लेखी आदेश देऊन पंच म्हणून बोलावलं तर विनाकारण नकार देणं हा गुन्हा आहे. पण जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याखाली सही करायला कोणताच कायदा सांगत नाही. "आधी जागेवर नेता का? वाचून दाखवता का?" एवढं विचारणारा पंच तपासाच्या आड येत नाही, उलट केस वाचवतो.

नव्या कायद्याने यात एक मोठी भर घातली आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं आहे, अगदी यादी बनवणं आणि पंचांच्या सह्या घेणंसुद्धा. मोबाइलवर केलं तरी चालतं. कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करायचा आहे. ही दुसरी तरतूद लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. तज्ज्ञाची गाडी पोचेपर्यंत जागा जशीच्या तशी ठेवणं मात्र गावाच्याच हातात आहे. खून झाला की अर्धं गाव तिथे उभं राहतं, कोणी चादर टाकतं, कोणी रक्तावर माती टाकतं. पायाचे ठसे, बिडीचं थोटूक, बाटली, सगळं तुडवलं जातं.

कुत्रं घरापर्यंत गेलं म्हणून?

श्वानपथक आलं की गाव गोळा होतं. कुत्रं ज्याच्या दारात बसलं तो खुनी, असा निकाल गाव तिथेच देऊन टाकतं. पुढे पोलिसांनी त्याला सोडलं तरी त्या घराशी लोक बोलत नाहीत. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितलं, की कुत्र्याने काढलेल्या मागाला पुरावा म्हणून फारसं वजन देता येत नाही. कुत्रं साक्षीच्या पिंजऱ्यात येत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याला काय समजलं ते त्याचा हँडलर सांगणार. पोलिसांना शोधाची दिशा मिळायला कुत्रं उपयोगी आहे. त्याच्यावर कोणाला शिक्षा होत नाही, मग गावाने तरी का द्यावी?

फाशी झाली होती, डीएनए जुळला होता, तरी सुटला

ठाणे जिल्ह्यात २०१० मध्ये एका सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. एका तरुणाला अटक झाली. खालच्या कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने ती कायम केली. मोठा आधार होता डीएनए रिपोर्टचा. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं.

कारण? नमुने प्रयोगशाळेत पाठवायला उशीर झाला होता आणि उशिराचं कारण कोणी सांगू शकलं नाही. मधल्या काळात नमुन्यात भेसळ झाली नसेल याची खात्री देता येत नव्हती. आरोपीचे नमुने पुन्हा का घेतले, याचा खुलासा नव्हता. त्याचा जबाब त्याला त्याच्या भाषेत वाचून, समजावून दिलेला नव्हता. तपास अधिकारीही बदलत गेले. कोर्टाने स्पष्ट सांगितलं, की डीएनए रिपोर्ट शेवटी मत आहे, आणि नमुन्याच्या प्रवासाची साखळी तुटली असेल तर त्यावर फाशी देता येत नाही.

हा निकाल वाचून राग येतो. दोनच शक्यता उरतात. एक तर खरा गुन्हेगार सुटला, किंवा एक निर्दोष माणूस फाशीच्या सावलीत कित्येक वर्षं जगला. कोणती खरी, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्या लहान मुलीच्या घरच्यांना तर नाहीच नाही. पाठवायला उशीर झालेल्या पुडक्याची किंमत एवढी मोठी असते.

अशा प्रकरणांचा धसका घेऊन १५ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियमच घालून दिले. डीएनएचा नमुना घेताना पुडक्यावर गुन्हा नंबर, कलम, ठाणं, तपास अधिकाऱ्याचा तपशील. डॉक्टर, अधिकारी आणि स्वतंत्र साक्षीदारांच्या सह्या. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, उशीर झाला तर कारण केस डायरीत लिहायचं. कोर्टाच्या परवानगीशिवाय पुडकं उघडायचं नाही. आणि नमुना कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला याचं रजिस्टर शेवटपर्यंत ठेवायचं. वडनेरहून नागपूर एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. हायवेवरच्या ठाण्याला ४८ तास अवघड नाहीत.

विष सापडलं तरी सुटका, न सापडलं तरी शिक्षा

कापसाच्या पट्ट्यात विषाच्या केसेस जास्त, म्हणून 'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य इथे सगळ्यांना पाठ आहे. व्हिसेरा म्हणजे पोटातले भाग : जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड. हे साधारणपणे मिठाच्या संपृक्त पाण्यात बाटलीबंद करून पाठवतात. फॉर्मेलिनमध्ये टाकले तर विष शोधणं कठीण होऊन बसतं.

यातला एक जुना खटला पुण्याचा. १९५६ च्या नोव्हेंबरात लक्ष्मीबाई कर्वे या श्रीमंत विधवेला डॉ. अनंत चिंतामण लागू रात्रीच्या रेल्वेने मुंबईला घेऊन गेला. पहाटे ती बेशुद्ध अवस्थेत स्टेशनवर उतरवली गेली, रुग्णालयात मेली. डॉक्टरने तिथे तिचं नाव खोटं सांगितलं होतं, नातेवाइकांना कळवलं नाही, मृतदेह बेवारस राहिला. पुढे तिच्या नावाने पत्रं येत राहिली आणि तिचे शेअर, पैसे डॉक्टरकडे गेले. तपासणीत विष सापडलंच नाही. तरी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने शिक्षा कायम ठेवली. आजूबाजूची परिस्थितीच इतकी बोलकी होती, की रिपोर्ट कोरा आला तरी फरक पडला नाही.

दुसरा खटलाही पुण्याचाच, १९८२ चा. नवविवाहितेच्या शरीरात सायनाइड सापडलं. नवऱ्याला फाशी झाली, हायकोर्टाने कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. मृत्यू विषानेच झाला यावर वाद नव्हता. पण तिच्या पत्रांवरून तिने स्वतःच विष घेतलं असण्याची शक्यता खोडून काढता येत नव्हती आणि आरोपीजवळ सायनाइड होतं हे दाखवता आलं नाही. वकील मंडळी ज्याला 'सारडा खटला' म्हणतात तो हाच. विषाच्या केसमध्ये चार गोष्टी लागतात, असं त्यात सांगितलं आहे : हेतू, मृत्यू विषानेच झाला, आरोपीजवळ ते विष होतं, आणि ते द्यायची संधी त्याला होती. व्हिसेरा रिपोर्ट यातल्या एकाच गोष्टीचं उत्तर देतो.

घरच्यांच्या हातात एक गोष्ट असते. कोणी औषध घेतलं तर ती बाटली, पेला, उलटीचे कपडे फेकू नका, धुऊ नका. बाटली सोबत दवाखान्यात न्या. डॉक्टरला उपचाराला ती लागते आणि पुढे तपासालाही. आणि साप चावून कोणी गेलं असेल तर लक्षात ठेवा, नेहमीच्या रासायनिक तपासणीत सापाचं विष दिसत नाही. 'विष आढळले नाही' असा रिपोर्ट आला म्हणून साप चावला नव्हता असं ठरत नाही. तिथे चाव्याची खूण, लक्षणं आणि डॉक्टरच्या नोंदी महत्त्वाच्या.

सेवाग्रामने काय केलं

खोटं विज्ञान कोर्टातून हाकलण्याच्या कामात वर्धा जिल्ह्याचं नाव देशात घेतलं जातं, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. बलात्काराच्या तक्रारीनंतर बाईची 'दोन बोटांची तपासणी' करून ती 'सवयीची' आहे असं लिहायची पद्धत होती. त्याला विज्ञानाचा काही आधार नव्हता, पण कोर्टात त्यावरून बाईचीच अब्रू निघायची. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्या किती वाईट पद्धतीने होतात यावर अहवाल तयार केला. प्रश्न हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिकेतून गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही तपासणी बाईच्या खासगीपणाचा आणि सन्मानाचा भंग आहे असं म्हटलं आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं बजावलं.

आता ही तपासणी बाईच्या संमतीने, नोंदणीकृत डॉक्टरकडून व्हायची आहे आणि डॉक्टरने सात दिवसांत अहवाल द्यायचा आहे. उपचार सरकारी असो की खासगी, कोणत्याही दवाखान्यात मोफत. आंघोळ करण्याआधी, कपडे धुण्याआधी तपासणी झाली तर पुरावा जास्त मिळतो. पण उशीर झाला म्हणून तक्रारीची वेळ निघून गेली असं नाही. नागपूरच्या एका फौजदाराविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितलं आहे, की पीडितेची साक्ष विश्वास ठेवण्यासारखी असेल तर तिला दुसऱ्या पुराव्याचा टेकू लागतोच असं नाही. "मेडिकलमध्ये काही निघालं नाही, आता गप्प बसा" असं सांगणारे गावात बरेच असतात. ते चुकीचं सांगतात.

खिशातला पुरावा

मारामारीचा व्हिडिओ, धमकीचं रेकॉर्डिंग, दुकानाचा सीसीटीव्ही. आजकाल निम्म्या केसेसमध्ये मोबाइल आहे. इथे कायदा शिकवला तो आपल्याच जालन्याच्या निवडणुकीने. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, की खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची वेळ संपल्यावर घेतला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण. प्रश्न उभा राहिला, की सीडीसोबत कायद्याने मागितलेलं प्रमाणपत्र कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, की नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र लागेलच. मूळ उपकरणच मालकाने कोर्टात आणून दाखवलं तर मात्र लागत नाही.

नव्या अधिनियमात हे कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्रात आता फाइलची 'हॅश व्हॅल्यू' पण लिहावी लागते. फाइलचा अंगठाच म्हणा. व्हिडिओत एवढासा बदल झाला तरी हा अंगठा बदलतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो, म्हणजे तो मूळ राहत नाही. म्हणून ज्याने शूट केलं त्याच्या फोनमधली मूळ फाइल जपावी, कापू नये, वर नाव टाकू नये, फोन फॉरमॅट करू नये. 'ग्रुपवर टाकलाय, तिथून घ्या' हे कोर्टात टिकवणं कठीण जातं. पोलिसांनी फोन घेतला तर पंचनाम्यात कंपनी, मॉडेल आणि आयएमईआय नंबर लिहिला का, ते बघून घ्या. दुकानाच्या सीसीटीव्हीवर जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, तेव्हा दुकानदाराला त्याच दिवशी सांगा.

'नार्को करा, सगळं बाहेर येईल' असंही लोक म्हणतात. ५ मे २०१० च्या निकालाने नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येत नाही. त्याआधी २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या अशाच चाचणीचा आधार घेऊन शिक्षा दिली होती, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला होता.

राहिला प्रश्न, घरच्यांनी ठाण्यात जाऊन विचारायचं काय. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर आता बंधनकारक आहे, फोनवर मेसेज करून कळवलं तरी चालतं. जाताना गुन्हा नंबर सोबत असू द्या. आणि 'रिपोर्ट आला का' याच्या आधी विचारा : नमुने कोणत्या तारखेला घेतले, नागपूरला कोणत्या तारखेला गेले, कोण घेऊन गेलं, आणि प्रयोगशाळेची पोच ठाण्यात लागली आहे का.